एका खोलीचं ऑफिस

माझ्या भाचीची एका मोठ्या वकील कंपनीच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिच्या बापाला, म्हणजे माझ्या दादाला झाला, आणि सगळ्यात जास्त राग मला आला. खोटं कशाला बोलू? पोरीला कायद्याची बाराखडी मी गिरवायला लावली आणि आता मिरवणार दुसरेच. दादा म्हणाला, "तुला तिचं चांगलं बघवत नाही का गं?" मी म्हटलं, "बघवतं रे, पण आधी चांगलं आहे का ते तरी बघू दे."

तिला घरात सगळे खारू म्हणतात. लहानपणी पेन्सिली कुरतडायची म्हणून. कॉलेजात असल्यापासून ती माझ्याच ऑफिसात बसायची. ऑफिस म्हणजे काय, छपाईच्या दुकानावरची एक खोली. एक टेबल, दोन कपाटं, अशिलांसाठी एक बाकडं. खाली मशीन सुरू झालं की फरशी थरथरते आणि नवीन अशील घाबरून पाय वर घेतं. तिथे बसून खारूने माझ्याबरोबर रंगवाल्या बायकांचा दावा तयार केला होता.

हा दावा समजून घ्या, कारण सगळं त्याच्यावरच येऊन ठेपलं. कापडाचा रंग बनवणारा एक कारखाना. तिथे कोरडी पूड चाळायला बायका असायच्या. तोंडाला बांधायला फडकंसुद्धा घरून आणायचं. बऱ्याच जणींच्या फुप्फुसांची चाळण झाली. त्यांच्या वरची मुकादम, तीही बाईच, एका दुपारी जिना चढून माझ्याकडे आली आणि पहिलं वाक्य बोलायच्या आधी बाकड्यावर बसून कितीतरी वेळ नुसती धापा टाकत राहिली. तिच्या नखांत निळा रंग होता, तो आता जाणार नव्हता.

माझ्याआधी ती शहरातल्या सगळ्या नावाजलेल्या वकिलांकडे जाऊन आली होती. सगळ्यांनी हात जोडले. कारण असं, की कारखान्याने प्रत्येक बऱ्या ऑफिसला कधी ना कधी काहीतरी किरकोळ काम देऊन ठेवलं होतं. इथे एक भाडेकरार, तिथे एक नोटीस. ज्याला एकदा अशील केलं त्याच्याविरुद्ध उभं राहायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. थोडक्यात काय, सगळ्यांच्या तोंडात एकेक घास कोंबून तोंडं बंद केलेली. मला घास द्यायला कोणी आलं नव्हतं, कारण मी त्यांच्या खिजगणतीतच नव्हते. म्हणून मी मोकळी होते. त्या बायकांना या शहरात मी एकटी उरले होते.

तर खारू तिकडे गेली. दर रविवारी घरी येऊन गमती सांगायची. दर काही महिन्यांनी विभाग बदलायचा, म्हणजे करारांच्या विभागातून जमिनींच्या, तिथून करांच्या. प्रत्येकाला एक मार्गदर्शक, शिवाय एक 'सोबती', म्हणजे एक वर्ष आधी आलेला कोणीतरी, ज्याच्याजवळ मन मोकळं करायचं. मी म्हटलं, "आणि तो ते मन उचलून वर नेऊन देतो." ती म्हणाली, "आत्या, तुला सगळीकडे चोरच दिसतात." दिवसातला मिनिटन् मिनिट कुठल्या अशिलाच्या नावावर टाकायचा ते लिहून ठेवावं लागायचं. मी विचारलं, "मग शिंकलीस तर कोणाच्या नावावर?" खूप हसली होती त्या दिवशी. चांगले बूट घातले होते, दादाने घेऊन दिलेले. मला राग होता, पण पोरगी खुलली होती हे मला दिसत होतं.

त्यांच्याकडे एक पद्धत होती. मोठ्या बैठकीच्या खोलीत टेबलाभोवती मोठी माणसं बसणार, आणि मागे भिंतीला लागून खुर्च्या, त्यांवर शिकाऊ मुलं. बोलायचं नाही, खोकायचं नाही, बघून शिकायचं. बैठक कोणाची, कशाची, ते आधी सांगायचे नाहीत. बोलावणं आलं की वही घेऊन पळायचं. ऐकून मला ते पटलंसुद्धा होतं. मी स्वतः अशीच कोपऱ्यात उभी राहून शिकले.

प्रशिक्षण संपलं आणि ज्यांना ठेवून घ्यायचं त्यांत खारू नव्हती. शेरे सगळे चांगले, काम चोख, पण 'या वर्षी जागा मर्यादित'. तिच्यापेक्षा ढ पोरं राहिली, ज्यांचे बाप तिथल्या साहेबांबरोबर जेवायला बसतात. दादा दोन दिवस घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी खारू माझ्या दारात उभी. डोळे सुजलेले, पायात तेच बूट. मी एक अक्षर टोमणा मारला नाही. बाकड्याच्या बाजूची तिची खुर्ची कपाटामागून काढली, पुसली आणि म्हटलं, "बस."

मग विचारायचं ते विचारलंच. कारण मधल्या काळात रंगाच्या कारखान्याने आपली बाजू त्याच कंपनीकडे सोपवली होती. कोर्टात माझ्यासमोर उभा राहायचा तो त्यांचाच मोठा साहेब, ज्याला मी मनातल्या मनात सोनचष्मा म्हणते. मी विचारलं, "आपल्या दाव्याशी तुझा तिथे काही संबंध आला?"

खारू म्हणाली, "आत्या, तिथलं मला काही विचारू नकोस. एका ऑफिसातलं दुसऱ्या ऑफिसात न्यायचं नाही, तूच शिकवलंस."

मला इतकं भरून आलं म्हणून सांगू. वाटलं, हिला त्या लोकांनी नाही ठेवलं ते त्यांचं करंटेपण. मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि विषय संपवला. संबंध आला असता तर या पोरीने नुसतं तोंड मिटलं नसतं, माझ्या दारातच पाऊल टाकलं नसतं, असं मी धरून चालले. शिवाय एवढी मोठी कंपनी, ते असलं कधी होऊ देतील? मोठ्या माणसांच्या नीटनेटकेपणावर माझा केवढा विश्वास होता ते बघा.

पंधरवडा बरा गेला. मग कोर्टातून अर्जाची प्रत आली. कारखान्याचं म्हणणं असं, की माझ्या ऑफिसात आता अशी एक वकील बसते जी त्यांच्या बैठकीला हजर होती, त्यांची गुपितं तिने ऐकली आहेत, सबब मला या दाव्यातून दूर करावं.

मी खारूकडे बघितलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तेव्हा तिने सांगितलं. शेवटच्या विभागात असताना एकदा बोलावणं आलं, ती वही घेऊन भिंतीकडेच्या खुर्चीवर जाऊन बसली. बोलणं सुरू झालं, आणि मग कारखान्याचा मॅनेजर आत आला. तिने त्याला ओळखलं. ती तिथल्या तिथे उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, या दाव्यावर मी विरुद्ध बाजूने काम केलं आहे, मला इथे बसता येणार नाही. सोनचष्म्याने तिला शाबासकी दिली म्हणे. म्हणाला, असा प्रामाणिकपणा हल्ली दिसत नाही, जा तू. आणि ती बाहेर गेली.

"मी तर उठून गेले ना, आत्या," ती म्हणाली. "मला वाटलं, उठून गेले म्हणजे मी तिथे नव्हतेच."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"ती बैठक झाली हेसुद्धा त्यांचंच गुपित ना."

ती माझ्याकडची हे ठाऊक असून तिला तिथे कोणी मुद्दाम बसवलं, की कारकुनाने सहज हाक मारली, ते मला आजही ठाऊक नाही. मुद्दाम असेल तर सोनचष्म्याच्या डोक्याला मानलं पाहिजे. नसेल तर जास्तच चीड येते, म्हणजे आमचं वाटोळं करायला त्यांना मुद्दाम काही करावंसुद्धा लागत नाही. गप्प बसली असती तर कोणाच्या लक्षातही आली नसती. खरं बोलायला उठली आणि सापडली.

सुनावणीच्या दिवशी मुकादम आणि चार बायका मागच्या बाकावर येऊन बसल्या. खारू माझ्या शेजारी. सोनचष्मा फार गोड बोलला. मुलीच्या चारित्र्याबद्दल प्रश्नच नाही, बाईंबद्दल तर मला नितांत आदर, वगैरे वगैरे. गोगलगाय आणि पोटात पाय.

मी उभी राहिले. न्यायाधीशांना म्हटलं, "साहेब, ही मुलगी आधी माझ्याकडे होती. माझ्या अशिलांची बाजू तिला पाठ होती. तशी ती त्यांच्याकडे गेली. मग गुपित फुटायची भीती असेल तर ती आधी मला असायला हवी. मला दूर करायचं तर यांनाही करा."

न्यायाधीशांनी मान डोलावली. मला वाटलं, जिंकले. मग त्यांनी सोनचष्म्याला विचारलं.

तो म्हणाला, "हा दावा आमच्याकडे आला तेव्हाच आम्ही तिला त्यापासून वेगळं ठेवलं होतं. ती बैठक अनवधानाने झालेली चूक, ती कळताच आम्ही तिला बाहेर पाठवलं. दाव्याची माणसं वेगळ्या मजल्यावर बसतात. कागद कुलपात, संगणकाला वेगळी परवानगी. दोघांमध्ये आमच्याकडे भिंत आहे. बाईंच्या ऑफिसात तशी सोय आहे का, एवढंच विचारावं."

न्यायाधीशांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, तुमच्या ऑफिसात खोल्या किती?"

मी म्हटलं, "एक."

"आणि ही मुलगी कुठे बसते?"

"माझ्यासमोर."

मागे कोणीतरी खोकलं. त्या बायकांपैकीच कोणीतरी. त्यानंतर मी जे बोलले ते खारूसमोर बोलले. मी म्हटलं, "मी तिला आजच काढून टाकते. आत्ता, इथल्या इथे. ती पुन्हा माझ्या ऑफिसात येणार नाही." शेजारी बसलेल्या पोरीकडे मी बघितलं नाही. माझ्या भावाची पोर, पण मागे पाचजणी बसल्या होत्या ज्यांना जिना चढवत नाही. मला दुसरं काही सुचलं नाही.

सोनचष्मा हळहळल्यासारखं म्हणाला, "इतके दिवस एका टेबलाशी बसून झालं आहे, बाई. कानात गेलेलं परत कसं काढणार?"

निकाल चार ओळींचा. माझ्या सचोटीबद्दल कोर्टाला शंका नाही, पण शंकेला जागाही राहता कामा नये. मी या दाव्यातून दूर व्हावं. यापुढे या दाव्याबाबत त्या बायकांना तोंडी वा लेखी, कुठलाही सल्ला देऊ नये. दुसरा वकील करायला त्यांना मुदत.

दुसरा वकील. मुकादम पुन्हा सगळीकडे फिरली. सगळ्यांच्या तोंडात तोच जुना घास. एका नवख्या पोराने हो म्हटलं आणि आठवड्याभरात त्यालाही कारखान्याचं काहीतरी काम मिळालं. खारूला मी काढलं नाही. काढून आता काय उपयोग होता? ती येऊन बसायची आणि दिवसभर कपाटं आवरायची. जी आवरलेली होती तीच. दादा फोनवर म्हणाला, "भर कोर्टात तू माझ्या मुलीला काढायला निघालीस." मी म्हटलं, "हो, निघाले."

मुदत संपायच्या आधी एका सकाळी मुकादम आली. धापा टाकत बाकड्यावर बसली. तिच्या हातात कारखान्याने पाठवलेली तडजोड होती. थोडे पैसे मिळतील, दावा मागे घ्यायचा, सगळ्यांच्या सह्या. बाकीच्यांनी केल्या होत्या. तिची तेवढी राहिली होती. तिने कागद माझ्यापुढे ठेवला.

"वाचून सांगा, वकीलबाई."

मी कागद तिच्याकडे फिरवून सरकवला. "मला मनाई आहे."

"मी कोणाला सांगणार नाही."

"तरी नाही."

सांगितलं असतं आणि उघडं पडलं असतं तर माझी सनद गेली असती. बाकड्यावर येणारी बाकीची माणसं मग कोणाकडे जाणार, असं मी स्वतःला समजावलं. पण खरं सांगू का, मी घाबरले होते. एवढी वर्षं मी कोर्टाला घाबरले नव्हते, त्या दिवशी घाबरले.

वकिलाला समोरच्याच्या पुढ्यातला उलटा कागद वाचायची सवय असते. तिसरं कलम मला तिथूनच दिसलं. आज कळलेला किंवा पुढे कधीही कळणारा कुठलाही आजार, त्याबद्दल यापुढे कारखान्याकडे काही मागता येणार नाही. तिच्या छातीत अजून काय काय निघायचं होतं ते डॉक्टरांनी मला दाखवलं होतं. तिला पुरतं समजलं नव्हतं. तेच तर आम्ही कोर्टात सिद्ध करणार होतो.

"करू की नको, एवढंच सांगा," ती म्हणाली. "मान तरी हलवा."

मी मान हलवली नाही. खाली मशीन सुरू झालं, फरशी थरथरायला लागली. खारू कपाटापाशी पाठ करून उभी होती. मग ती तशीच वळली आणि जिना उतरून गेली.

मुकादमने माझ्या तोंडाकडे बघून बघून शेवटी नाद सोडला. रागावली नाही. माझ्या गप्प बसण्याचा तिने काय अर्थ लावला कोण जाणे. बहुतेक असा लावला असावा, की बाईंना काही वावगं दिसलं असतं तर त्या गप्प बसल्या नसत्या. तिने कागद माझ्याच टेबलावर पसरला आणि विचारलं, "पेन आहे का हो?"

पेन द्यायला कोर्टाने मनाई केली नव्हती. मी दिलं.