उलट्या मोजणीचा अनुभव आवश्यक

"वाच, मोठ्यानं वाच," दोरवाला म्हणाला आणि डबा उघडायचा सोडून त्यानं दोन्ही कोपरं स्टोअरच्या खिडकीवर टेकवली. "कोण बाई आहे ही? आणि तुलाच बरी लिहितेय!"

नगरावांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. मोबाईल हातभर लांब धरला.

लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत दोरवाला म्हणजे लिफ्टचे दोर बदलणारा मिस्त्री, आणि नगराव म्हणजे सुट्या भागांचं स्टोअर सांभाळणारे. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदाखेरीज कुठे उरलं नव्हतं. येणारी-जाणारी प्रत्येक वस्तू ते नगावर बोलत, दोन नग रोलर, पाच नग बटणं. शिवाय स्वतःही थोडे नगच होते. चिकटलेलं नाव सव्वीस वर्षांत सुटलं नाही.

चार महिन्यांपूर्वी लेकीनं त्यांचं खातं नोकरदारांच्या त्या साइटवर उघडून दिलं. "बाबा, हल्ली सगळे असतात तिथे." "मी स्टोअरमध्ये असतो," असं म्हणून झाल्यावर नगरावांनी एका अटीवर होकार दिला. कंपनीचं नाव लिहायचं नाही. ज्यांचं मीठ खातो त्यांचं नाव असं चव्हाट्यावर मांडणं त्यांना पटेना. म्हणून खात्यावर नुसतं 'लिफ्ट देखभाल क्षेत्र, २६ वर्षे' आणि खाली स्टोअरची रोजची कामं, एवढंच होतं. तेव्हापासून आलेल्या प्रत्येक खासगी निरोपाला ते उत्तर देत. विमा विकणाऱ्याला, इंग्रजी शिकवणाऱ्याला, आणि चुकून आलेल्यालासुद्धा 'आपण चुकलात, तरी धन्यवाद' असं. उत्तर न दिलेला निरोप म्हणजे पोच न दिलेला माल, ही त्यांची रीत.

"'नमस्कार सर,'" ते वाचू लागले. "'मी कंपन्यांना माणसं शोधून देते. एका नामांकित लिफ्ट कंपनीला स्टोअरसाठी अनुभवी व्यक्ती हवी आहे. कामाची यादी सोबत जोडली आहे. तुमची माहिती तिच्याशी चौदापैकी चौदा मुद्द्यांत जुळते.'"

"चौदापैकी चौदा! माझं आणि बायकोचं तीनसुद्धा जुळत नाही रे."

नगराव हसले. या वयात कुणाला तरी आपण हवे आहोत, म्हणजे गोष्ट छोटी नव्हती. त्यांनी यादी उघडली. "'एक, प्रत्येक खान्यावर कार्ड. दोन, जुना भाग परत आल्याशिवाय नवा न देणे.' बघ, शहाणी माणसं आहेत. 'तीन, रिले कोरड्या जागी ठेवणे...'" असं करत ते सातव्या मुद्द्यावर आले आणि थांबले.

"पुढे?"

"'सात. उलट्या मोजणीचा अनुभव आवश्यक.'"

"म्हणजे तिकडेही ओकाऱ्या मोजतात?" दोरवाला खो खो हसला. हा विनोद तो बरीच वर्षं करत आला होता. नगराव मात्र या वेळी "गप रे" म्हणाले नाहीत.

"तिकडे नाही," ते म्हणाले. "हा शब्द माझा आहे."

शब्द त्यांचाच होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी वरच्या खान्यापासून मोजताना खालच्या खान्यापर्यंत त्यांचे डोळे शिणत, आकडे चुकत. मग ते एकदा वरून मोजायला लागले आणि एकदा खालून, शेवटच्या नगापासून पहिल्याकडे. दोन्ही आकडे जुळले तरच सही. या प्रकाराला उलटी मोजणी म्हणणारा माणूस जगाच्या पाठीवर एकच होता आणि तो आत्ता खिडकीच्या आतल्या बाजूला उभा होता.

तीन आठवड्यांपूर्वी साहेब म्हणाले होते, "नगराव, तुम्ही जे जे करता ते सगळं एकदा लिहून द्या. फाईलला असावं." नगरावांना वाटलं, चला, उशिरा का होईना, दखल घेतली. दोन संध्याकाळी बसून त्यांनी चौदा मुद्दे काढले. सुवाच्य अक्षरात.

"अरे, पण म्हणजे..." दोरवाल्याचं वाक्य अर्ध्यात लोंबकळलं.

नगरावांनी एका बोटानं टाइप केलं, 'कंपनीचं नाव काय?'

उत्तर लगेच आलं. 'सर, ते गोपनीय आहे. सध्या त्या जागेवर जे गृहस्थ आहेत त्यांना अजून कळवलेलं नाही.'

'त्यांना का काढतात?'

'आपल्यातच ठेवा सर. ते फार हळू आहेत म्हणे. सगळं दोन-दोनदा मोजतात.'

नगरावांनी मोबाईल उपडा ठेवला. हाताशी रोलरची पेटी होती ती पुढे ओढली आणि मोजायला घेतली. एक, दोन, तीन. सातवर आल्यावर सातच्या पुढे काय येतं ते त्यांना आठवेना. त्यांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली. पुन्हा सातवरच अडलं.

"जा आणि मोबाईल आपट त्यांच्या टेबलावर," दोरवाला म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "सव्वीस वर्षं! अरे, निदान तोंडावर सांगायचं तरी!"

"आठ," नगराव म्हणाले. "आठ येतं."

घरी बायकोनं यादी दोनदा वाचली. पहिल्यांदा उभ्यानं, दुसऱ्यांदा खुर्ची ओढून.

"आणि माझं पायपुसणं कुठंय?" तिनं विचारलं. स्टोअरच्या दारातलं पायपुसणं रोज झटकायचं, नाहीतर धुळीनं रिलेसारखे विजेचे नाजूक भाग खराब होतात, हा मुद्दा तिनं घालायला लावला होता. शेवटचा, चौदावा.

"हे काय. 'प्रवेशद्वारावरील धूळनियंत्रण.'"

"मेल्यांनी पायपुसण्याचं काय करून ठेवलंय!" ती म्हणाली आणि हसता हसता तिचा चेहराच पडला. "अहो, म्हणजे आपण दोघांनी बसून... तुम्ही सांगत होता आणि मी विचारत होते, अजून काही राहिलं का, अजून काही राहिलं का..."

"काही राहिलं नाही. सगळं लिहिलं आपण."

तिनं यादीची घडी घालून टेबलावर ठेवली. मग तिनं विचारलं, "आता काय करणार तुम्ही?"

"तिला उत्तर द्यायचं राहिलंय," असं म्हणून नगरावांनी मोबाईल उचलला आणि लिहिलं, 'मी इच्छुक आहे.'

निरोप पाठवणाऱ्या बाईंना आनंद झाला. वयाची अट शिथिल करून घेते म्हणाल्या, आणि घेतलीही. कंपनीकडे नावं जात नाहीत, नुसते क्रमांक जातात, म्हणजे वशिल्याचा प्रश्न नको, असंही म्हणाल्या. नगराव उमेदवार क्रमांक चार झाले. मंगळवारी निरोप आला, 'मुलाखत गुरुवारी अकरा वाजता. पत्ता खाली देत आहे. सापडेल ना सर?'

पत्ता त्यांनी शेवटच्या ओळीपासून पहिल्या ओळीपर्यंत वाचला. लिहिलं, 'सापडेल.'

बुधवारी साहेब खिडकीपाशी आले. नगरावांहून पंधरा वर्षांनी लहान, चांगले कपडे, घाईची चाल. "नगराव, उद्या अकराला माझ्याकडे काही लोक येतील. चहा सांगून ठेवा."

"किती नग?"

"चार. आणि माझा." साहेब खान्यांवरच्या कार्डांकडे बघत होते. "असंच, एका कामासाठी येतायत."

"बरं. आणि ही माझी उद्याची रजा. अर्ध्या दिवसाची."

साहेबांनी न वाचता सही केली. त्यांना जरा हायसंच वाटलेलं दिसलं.

गुरुवारी पावणेअकराला नगरावांनी दारातलं पायपुसणं झटकलं, स्टोअरला कुलूप लावलं, किल्ली फळीवर टांगली. मग मागच्या दारानं बाहेर पडून इमारतीला अख्खा वळसा घातला आणि पुढच्या दारानं आत आले. या दारानं ते सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच येत होते. काच इतकी लख्ख होती की त्यांनी दोनदा चाचपून पाहिली.

"अहो नगराव, तुम्ही इकडून कसे?" दाराजवळच्या टेबलामागची मुलगी म्हणाली.

"साहेबांना भेटायचंय. वही द्या." पाहुण्यांच्या वहीत त्यांनी सही केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, मुलाखत. मुलीनं ते वाचलं, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं, आणि वाजणारा फोन तसाच वाजत राहिला.

बाकावर तिघं आधीच बसले होते. शेजारी तिशीची एक बाई, मांडीवर हेल्मेट आणि हातात यादी. तिनं थोडं वाकून विचारलं, "काका, एक विचारू? हे उलटी मोजणी म्हणजे काय असतं हो? कुठेच सापडलं नाही."

नगराव क्षणभर तिच्या हातातल्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आधी वरून खाली मोजायचं. आकडा लिहायचा नाही, मनात ठेवायचा. मग खाली बसायचं, अगदी उकिडवं, आणि शेवटच्या नगापासून वर यायचं. माणूस थकतो ना, तेव्हा अंदाजानं मोजतो. खालून आलं की अंदाज चालत नाही. आणि बटणं मोजताना कुणाशी बोलायचं नाही. रोलर मोजताना चालतं."

ती कागदाच्या कडेला लिहून घेत होती. पलीकडचे दोघंही कान देऊन ऐकू लागले होते.

केबिनचं दार उघडलं. साहेबांच्या हातात क्रमांकांचा कागद होता. "क्रमांक ए..." आणि त्यांची नजर बाकाच्या टोकाला गेली. "अरे नगराव, चहा आला का?"

"येतोय. चार नग आणि तुमचा."

"मग तुम्ही इथे का बसलात?"

नगराव उठून उभे राहिले. रोज साहेब आले की उठत तसेच. "मी क्रमांक चार, साहेब."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं, नगरावांकडे पाहिलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाली चढत गेली. शेजारच्या बाईचं पेन कागदावर जिथल्या तिथे थांबलं.

"आत या," शेवटी ते म्हणाले. "नगराव, तुम्ही आधी आत या. आपण बोलू."

"माझा नंबर चौथा आहे," नगराव म्हणाले. "आधी ह्यांना घ्या. लांबून आल्यात."

तेवढ्यात चहाचा ट्रे आला. साहेब दाराची मूठ धरून उभेच होते. नगरावांनी कप अलीकडून मोजले, मग पलीकडून मोजले. पाच. बरोबर होते. तिघांचे तिघांना दिले, आपला घेतला आणि उरलेल्या कपावर, निवू नये म्हणून, बशी झाकून ठेवली.