बंद रांजण

बायको गेल्याचं कुंपण्याला संध्याकाळी कळलं. सकाळी मात्र तो खुशीत होता.

शेताच्या कडेने फिरताना त्याला गिळवेलीचा एक रांजण बंद दिसला होता. वेलीला जमिनीलगत असे रांजण लागत, माणूस उभा मावेल एवढे. रानडुक्कर पिकात घुसायला आलं की वेल त्याचा पाय धरून आत ओढायची आणि वरचं झाकण मिटायचं. गावानेच ती कुंपण म्हणून लावली होती. तिची देखभाल करतो म्हणून याचं नाव कुंपण्या. बंद रांजण दिसला की त्याच्या मानेला लाल चिंधी बांधायची. मग तो आपोआप उघडेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, अशी रीत.

रांजण आतून धडधडत होता. साल एवढी जाड, की आतला आवाज माणसाचा की जनावराचा, काही उमगत नसे.

"मार लाथा, मार," कुंपण्या म्हणाला. "मका खाताना बरा गोड लागला!"

त्याने चिंधी बांधली, रांजणावर थाप मारली आणि पलीकडे पाणी देणाऱ्या मेहुण्याला हाक दिली. "मादी असणार रे! गप बसायला तयार नाही."

"म्हणजे घरच्यासारखीच म्हणा की, दाजी!"

दोघं पोटभर हसले.

संध्याकाळी घरी चूल थंड होती. शेजारची आत्या म्हणाली, "ती पहाटेच बांधावर गवत कापायला गेली. मला वाटलं, तुझ्याबरोबरच आहे."

बांधाच्या पलीकडच्या अंगाला, सकाळी तो फिरकला नव्हता तिथे, गवताचा भारा बांधून तयार होता, फक्त डोक्यावर घ्यायचा राहिला होता. शेजारी तिची एक चप्पल. चिंधी बांधलेला रांजण तिथून हाताच्या अंतरावर. आता तो धडधडत नव्हता.

कुंपण्याने कोयता उचलला, तसं मेहुण्याने त्याला मागून घट्ट धरलं. आरडाओरडा ऐकून गाव जमलं.

"सोड! तुझी बहीण आहे आत!"

"होती, दाजी. होती." मेहुणा रडत होता, पण पकड ढिली करत नव्हता. "रांजण फोडला की रस मुळात उतरतो, सगळी वेल एकाच मुळावर आहे, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? सकाळपर्यंत कुंपण जळून जाईल. कणसं भरलीत. डुकरं शिरली तर खायचं काय?"

"मला तिला माती द्यायचीय."

"दे की," सुतार म्हणाला. "नाही कोण म्हणतंय? पीक घरात येऊ दे. मग सगळे मिळून फोडू. वेलच उपटून टाकू. शब्द देतो."

"अरे, बाई आहे ती आत! डुक्कर नाही!" आत्या ओरडली.

"आत्या, तुझ्या कणगीत दाणे किती आहेत, ते सांग आधी," सुतार म्हणाला.

आत्या मागे सरली. सुताराने कोयता काढून घेतला आणि स्वतःच्या घरी नेऊन ठेवला.

त्यानंतर कुंपण्या रोज रांजणाला पाठ टेकून बसायचा. रांजण उबदार लागायचा. ही ऊब कशाची, हे गावात त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी तो बसायचा.

त्या हंगामात एकही डुक्कर आत शिरलं नाही. वेल अशी फोफावली, की बांधावरून चालायला वाट उरली नाही. "यंदा वेलीने नाव काढलं," लोक म्हणायचे आणि तो दिसला की पावसापाण्याचं बोलायला लागायचे.

मका निघाला. दुसऱ्याच दिवशी तो सुताराकडे कोयता मागायला गेला.

"आता?" सुतार म्हणाला. "अरे, वाटाण्याचं बी टाकायला घेतलंय सगळ्यांनी. एवढं पीक निघू दे."

"तू शब्द दिला होतास."

"तो काय मोडतोय का मी? पुढे ढकलतोय."

वाटाण्याला फूल आलं, तेव्हा रांजण आपोआप उघडला. कुंपण्याने आत हात घातला. वेलीला लोखंड पचत नाही. तळाशी विळ्याचं पातं होतं, मूठ विरघळून गेलेली. बाकी काही नव्हतं. मग त्याने आतली साल बोटांनी चाचपली. ओरखडेच ओरखडे होते, सगळे एकाच जागी, मानेखाली. तिथे साल कापत कापत नखाएवढी पातळ झाली होती. बाहेरून एक टोचा मारणारं कोणी असतं, तर भोक पडलं असतं.

त्याने मेहुण्याला बोलावून दाखवलं. मेहुण्याने आत बोट फिरवलं आणि धोतराला पुसलं.

"पुरायला तर काही उरलं नाही, दाजी," तो म्हणाला. "मग आता उगाच वेल कशाला तोडायची?"

वाटाणा निघाला. त्यानंतर पुन्हा मका पेरला. बंद रांजणांना चिंध्या अजून कुंपण्याच बांधतो, कारण दुसऱ्या कोणाला ते काम येत नाही. चिंधी बांधण्याआधी आता तो रांजणाला कान लावून बसतो, आणि आतून लाथा आल्या तरी लवकर उठत नाही.

वेल तोडायची राहिली आहे.