लाल चिठ्ठीचा तिसरा चौकोन

नळाच्या तोट्या बनवणाऱ्या कारखान्यात नापासराव बावीस वर्षं तपासनीस होते. नाव कारागिरांनी ठेवलेलं, आणि ते त्यांनी मेहनतीने कमावलेलं. तोटीवर केसाएवढी चीर दिसली की ते तिला लाल चिठ्ठी बांधत. मात्र कारण लिहिल्याशिवाय चिठ्ठी बांधायची नाही, हा त्यांचा नेम. कारणाखाली तीन चौकोन असत : भंगार, दुरुस्ती, दुसऱ्या कामाला. त्यातल्या एकावर खूण. बिनकारणाची चिठ्ठी म्हणजे नुसती चहाडी, असं ते म्हणत.

कारखाना बंद पडला त्याला चौदा महिने झाले. अर्ज गेले एकसष्ट. बावन्न जणांनी उत्तराची तसदी घेतली नाही, नऊ जणांनी ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ दिल्या. शुभेच्छांचा साठा असा भरपूर होता, वाटचालीचाच पत्ता नव्हता. नकार नापासरावांनी पचवले असते. त्यांना खुपत होतं ते हे, की कारण कुणीच लिहीत नव्हतं. आपल्याला चीर आहे तरी कुठे? दाढी करताना ते आरशासमोर स्वतःला उजेडाकडे वळवून बघत, तोटी बघावी तसे.

शेवटी दुसरा धंदा शोधायचं खातं बायकोने स्वतःकडे घेतलं. आधी विम्याची एजन्सी झाली. नापासरावांनी पहिल्याच गिऱ्हाइकाला बारीक अक्षरातल्या अटी मोठ्याने वाचून दाखवल्या. गिऱ्हाईक म्हणजे बायकोची मावशी. ती विम्यातून सुटली आणि भाचीला दुवा देत राहिली. मग बायकोने धाकट्या भावाला गाठलं. त्याचं चपला-बुटांचं दुकान होतं. ताईपुढे त्याचं कधी चाललं नव्हतं. त्याने आठवडाभर भाऊजींना काउंटरवर उभं करून बघायचं कबूल केलं.

गिऱ्हाईक बूट घालून दोन पावलं चाललं की नापासराव वाकून बघत आणि प्रामाणिकपणे सांगत, डावा ठीक आहे, उजव्याची शिवण टाचेशी दोन महिन्यांत उसवेल. गिऱ्हाईक मनापासून आभार मानी आणि समोरच्या दुकानात जाई. आठवड्यात खपले ते आभारच.

शनिवारी संध्याकाळी मेहुण्याने बिस्किटांसह चहा मागवला, तेव्हाच नापासराव समजले. भाऊजींची योग्यता केवढी, हे दुकान केवढंसं, असं मेहुणा बराच वेळ घोळवत राहिला. शुभेच्छांपर्यंत गाडी येणार, इतक्यात नापासरावांनी खिशातून कारखान्याची उरलेली एक लाल चिठ्ठी काढून पुढे सरकवली.

“कारण लिहा.”

“भाऊजी, घरातल्या घरात कसलं लिहायचं?”

“बाहेरच्या एकसष्ट जणांनी लिहिलं नाही. तुम्ही तरी लिहा.”

मेहुणा पेन चावत बसला. गिऱ्हाइकं का गेली, हे आठवता आठवता त्याला ती उजव्याची शिवण आठवली. तो उठून मागच्या खोलीत गेला. लोकांनी परत आणून आदळलेल्या बुटांचा तिथे ढीग होता. रोजची भांडणं त्याच्यावरूनच होत. त्याने चार उजवे बूट उचलले. चारही टाचेशी उसवलेले, चारही एकाच कारखानदाराचे.

परत येऊन त्याने लिहिलं : ‘गिऱ्हाइकासमोर खरं बोलतात.’ मग पेन चौकोनांवर घुटमळलं.

“खूण कुठे करू?”

“ते तपासणाऱ्याने ठरवायचं,” नापासराव म्हणाले. “मी सध्या माल आहे.” आवाज साधाच होता, पण कपातला चहा त्यांनी न पिताच निवू दिला होता.

मेहुण्याने तिसऱ्या चौकोनावर खूण केली. सोमवारपासून मागच्या दाराशी बसायचं, येणारं प्रत्येक खोकं उघडायचं, वाटेल तितक्या चिठ्ठ्या बांधायच्या. फक्त गिऱ्हाईक दिसलं की तोंड बंद, असं ठरलं.

घरी बायकोने चिठ्ठी वाचली. “हे कारण मला लग्नाच्या पहिल्या महिन्यात कळलं होतं. चिठ्ठ्या माझ्याकडे नव्हत्या, एवढंच.”

नापासरावांनी चिठ्ठी उजेडात धरली. तारीख राहिली होती. असली अर्धवट चिठ्ठी त्यांनी बावीस वर्षांत एकदाही खपवून घेतली नव्हती. त्यांनी बायकोकडे पाहिलं, पेन काढलं, आणि तारीख स्वतःच घालून टाकली.