निजवलेल्या नळ्या

मिस्त्रीने यंत्राचे झाकण असे आपटले, की टेबलावरची कात्री जागची उडाली. यंत्रात काहीच ठेवलेले नव्हते. आत निव्वळ अंधार होता. पडद्यावर सहाचा आकडा उमटला. अंधाराचा आकडा सहा, म्हणजे यंत्र शाबूत. ते शाबूत निघाले याचाच त्याला संताप आला.

कारण गेले चार दिवस हे यंत्र त्याच्या थोरल्या बहिणीविरुद्ध साक्ष देत होते. दुधाच्या कारखान्यातली एकुलती एक मोठी टाकी ती घासत असे. घासून झाल्यावर टाकीच्या आतून ओला बोळा फिरवायचा, तो नळीत घालायचा आणि त्यावर काजव्याच्या अंगी असते तसले द्रव्य सोडायचे. टाकीत दुधाचा वा जंतूंचा अंश उरला असेल, तर नळी उजळते. इतकी मंद, की डोळ्यांना पत्ता लागत नाही, यंत्राला मात्र लागतो. आकडा पन्नासच्या आत आला की टाकी स्वच्छ. सोमवारपासून तो चारशेच्या खाली उतरलाच नव्हता, आणि आज दुपारी साहेब तिला घरी बसवणार होते.

तिला येथे चिकटवले होते मिस्त्रीनेच. आता कामगार त्याला विचारू लागले होते, की तुझी ताई टाकी घासते की कुरवाळते? ती बिचारी तीनतीनदा घासल्याचे सांगत होती. त्यावर काल त्याने चारचौघांत तिला सुनावले, की यंत्र खोटे बोलत नाही, माणसे बोलतात. ती ब्रश उचलून पुन्हा टाकीत उतरली होती.

आजचा आकडा तो स्वतःच्या डोळ्यांदेखत घेणार होता. तपासणीच्या खोलीतली मुलगी सोमवारीच कामावर लागली होती. तिने पाकिटातून रिकाम्या नळ्या काढल्या, ट्यूबलाइटखाली पांढऱ्या टेबलावर एकेक अलगद आडवी ठेवली आणि ती घड्याळाकडे पाहत बसली.

"हे काय चाललंय?"

"निजवतेय, काका. पाच मिनिटं. तुम्हीच सांगितलं होतंत ना, निजवल्याशिवाय नळी वापरायची नाही म्हणून."

मिस्त्रीने फळीवरचा काळा डबा पुढे ओढला. नळीचे प्लास्टिक उजेड पिते आणि पुढे काही मिनिटे तो पाझरत राहते. म्हणून वापरण्यापूर्वी नळी काळ्या डब्यात बंद करून ठेवायची. याला तो गेली अकरा वर्षे ‘निजवणे’ म्हणत आला होता. शब्द त्याच्या पदरचा होता, आणि त्याचा त्याला अभिमानही होता. सोमवारी घाईघाईत, दारातूनच, त्याने तो या मुलीच्या कानावर घातला होता.

त्याने टेबलावरची एक रिकामी नळी उचलून यंत्रात घातली. तीनशे नव्वद. दुसरी पाच मिनिटे डब्यात ठेवून मग घातली. सात. त्यानंतर डब्यातल्याच नळीत टाकीचा बोळा तपासला. एकवीस.

साहेबांनी आकडे पाहिले आणि बहिणीची नोकरी राहिली. मग त्यांनी चूक कोणाची ते विचारले. मुलगी नवी आहे, एवढेच मिस्त्री म्हणाला. साहेब कडाडले, की असली खुळी पोर आपल्याला नको, उद्यापासून तिला येऊ नको म्हणून सांगतो. मिस्त्री चपलेच्या अंगठ्याने फरशी खरवडत उभा राहिला आणि नंतर बाहेर पडला.

टाकीघरात बहीण चौथ्यांदा टाकी घासायला निघाली होती. तिच्या बोटांची साले निघाली होती. त्याने घडलेला प्रकार सांगितला. तिने हातातला ब्रश खाली ठेवला नाही.

"नळ्या आडव्या ठेवायला तिला शिकवलं कुणी?"

मिस्त्रीने मोरीच्या जाळीत अडकलेला फेस पायाने सारला.

"निजव म्हणालो होतो. मीच."

"साहेबांना हे बोललास?"

बाहेर दुधाची गाडी येऊन उभी राहिली होती. टाकी मोकळी करा म्हणून चालक भोंग्यावर भोंगा देत होता. बहिणीने ब्रश भिंतीशी टेकवला, बादली पालथी घातली आणि तिच्यावर ती पदर खोचून बसली.

"ये सांगून त्यांना," ती म्हणाली. "तोवर मी उठत नाही."