एल्डर बार्लोचं नाक

एल्डर बार्लोला कॉफीचा वास तीन घरांपलीकडून यायचा. निदान तो तसं सांगायचा. अमेरिकेत, आयडाहोमधल्या ज्या घरात तो वाढला, तिथे चार पिढ्यांत कुणी कॉफी तोंडाला लावली नव्हती; त्यांच्या चर्चला ती निषिद्ध. म्हणजे जन्मात ज्याचा एक घोट घेतला नाही, त्या पदार्थाचा हा पोरगा तज्ज्ञ होता. आणि असल्या तज्ज्ञांना आवरणं फार कठीण असतं.

वय वीस. पांढरा सदरा, छातीवर काळी नावपट्टी. चिलीच्या टोकाकडल्या चिलोए बेटावर धर्म सांगत हिंडायला लागून त्याला चौदा महिने झाले होते. या पोरांना सगळे ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारे, म्हणतात, आणि रोज उठून तेच ऐकलं की काहींना ते खरं वाटायला लागतं. त्याचा जोडीदार एल्डर विक्सम नुकताच आलेला, अबोल. दोघांनी सतत एकमेकांच्या नजरेसमोर राहायचं असा मिशनचा नियम. त्यामुळे बार्लोनं जे केलं, त्याला पहिल्यापासून एक साक्षीदार होता.

शुक्रवारी ते ओतिलियाताईंकडे सरपण रचायला गेले. बाई सत्तरीच्या, पण चर्चमध्ये सगळ्या बायका ताईच. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्यांचा बाप्तिस्मा ठरला होता. त्यासाठी पन्नास वर्षांची कॉफी त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी सोडली होती. पहिले आठ दिवस डोकं असं ठणकलं, की कपाळाला बटाट्याच्या चकत्या बांधून हिंडत होत्या. पण सोडली ती सोडली. सोहळ्याला त्यांची बहीण शेजारच्या किन्चाओ बेटावरून येणार होती.

दार उघडंच होतं. बार्लो उंबऱ्यातच थबकला. चुलीवर भांडं उकळत होतं. आत काळंभोर पाणी, आणि घरभर तो वास.

ओतिलियाताई एप्रनला हात पुसत मागच्या दारातून आल्या. तोंडभर हसत म्हणाल्या, “आलात? जरा लवकरच आलात की. हे उद्यासाठी म्हणून—”

“उद्यासाठी? बाप्तिस्म्याच्या दिवशीसुद्धा?”

“अरे, ऐक तरी. हे म्हणजे—”

बार्लोनं हात वर केला. व्यासपीठावर मोठी माणसं करतात तसा. “ताई, मला फसवाल. देवाला कसं फसवाल?”

ओतिलियाताईंचं हसू हळूहळू मावळलं. “झालं तुझं सांगून?”

“हो.”

“मग जाताना दार ओढून घे. गारवा आत येतो.”

रस्त्यातूनच बार्लोनं शाखाध्यक्ष लेपिओंना फोन केला. लेपिओ होड्या बांधायचे. रविवारी कोट घालून चर्चची इथली शाखा सांभाळायचे. “विचारलंत तिला?” त्यांनी विचारलं.

“विचारायचं काय, अध्यक्ष? मी स्वतः वास घेतला.”

बाप्तिस्मा रद्द झाला. बहीण बोटीनं आली, तशीच बोटीनं परत गेली. आणि चाळीस माणसांच्या मंडळीत गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागणार! ओतिलिया चोरून पिते, हे शनिवारी दुपारपर्यंत मासळीबाजारातही पोचलं होतं.

रविवारी त्यांचं बाक रिकामं राहिलं. बार्लोला वाईट वाटलं, पण मनातून तो स्वतःवर खूशही होता. कठीण होतं, तरी योग्य तेच केलं, असं त्यानं प्रार्थनेत देवालाही कळवलं.

त्या दुपारी दोघांना अध्यक्षांकडे जेवण होतं. जेवणं झाल्यावर रोसालियाताईंनी, म्हणजे अध्यक्षांच्या बायकोनं, वाफाळते कप आणले. आधी मुलांना दिले. मग बार्लोचा कप समोर आला. तोच वास. त्यानं कपावर हात ठेवला.

“हे... तुमच्या घरात?”

सगळं टेबल खो खो हसलं. “अहो एल्डर, गहू आहे गहू!” रोसालियाताई म्हणाल्या. “तव्यावर काळा होईस्तोवर भाजायचा, दळायचा, उकळायचा. आमच्याकडे दुधाचे दात न पडलेली पोरं पितात हे. ओतिलियाला मीच शिकवलं. बाप्तिस्म्याच्या टाक्यातलं पाणी गार, खोलीही गार, माझ्यापायी आलेली माणसं कुडकुडायला नकोत, सगळ्यांना गरम काहीतरी देईन म्हणाली. आणि मग बघा ना, काय करून बसली बिचारी.”

अध्यक्ष हसायचे थांबले. “एल्डर, तिच्या चुलीवर हेच तर नव्हतं ना?”

खरं बोलायला एक शब्द पुरला असता. बार्लोची कानशिलं तापली. समोर पाच मुलं, विक्सम, आणि अध्यक्षांचे ते रंध्यानं घट्टे पडलेले हात.

“नाही,” तो म्हणाला. “ती खरी कॉफी होती. वासात फरक असतो.”

दहा हजार किलोमीटरवरून लोकांना खरं बोलायला शिकवायला आलेला हा पोरगा देवाच्या वारी, यजमानाच्या टेबलाशी धडधडीत खोटं बोलला. वर तो कप रिकामाही केला. घोटागणिक मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

परतताना विक्सम म्हणाला, “तिच्या दाराशी गव्हाची पिशवी होती. तवाही होता. मी बघितला.”

“मग बोलला का नाहीस?”

“तूच म्हणालास ना, पहिले तीन महिने नुसतं ऐक म्हणून.”

सोमवार कपडे धुण्याचा आणि घरी फोन करण्याचा. पडद्यावर आई खुशीत होती. “तुझ्या त्या आजींचा बाप्तिस्मा कसा झाला रे? मी चर्चमधल्या आपल्या आख्ख्या वॉर्डाला सांगून ठेवलंय.”

“पुढे ढकलला. त्या... अजून तयार नव्हत्या.”

मागे विक्सम इस्त्री करत होता. इस्त्री थांबली. बार्लोला मागे वळून बघायचा धीर झाला नाही. फोन ठेवल्यावर तो पलंगावर बसून राहिला. आईशीही खोटं. तेही त्या बाईच्याच माथी मारून. त्याला स्वतःची किळस आली. “चल,” तो विक्समला म्हणाला. “बूट घाल.”

ओतिलियाताईंनी दार उघडलं, दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “सरपण राहिलंय शुक्रवारचं,” एवढंच म्हणाल्या. दोघांनी तासभर मुकाट्यानं लाकडं रचली. मग आतून हाक आली. टेबलावर दोन कप होते, दोन्ही काळे, दोन्ही वाफाळते.

“एकात गहू, एकात कॉफी,” ताई म्हणाल्या. “वास घे आणि सांग.”

“तुम्ही कॉफी आणलीत?”

“शुक्रवारी, तू गेल्यावर. आळ तर आलाच होता, म्हटलं निदान चव तरी घ्यावी. तीन आठवडे गेले पाण्यात. घे, वास घे.”

बार्लोनं डावा कप नाकाशी नेला. मग उजवा. मग पुन्हा डावा. दोन्ही जळके, दोन्ही कडसर.

“नाही सांगता येत,” तो म्हणाला.

“हेच शुक्रवारी म्हणाला असतास तर? माझ्या बहिणीची खेप वाया गेली नसती.”

“माझं चुकलं, ताई. मी आजच अध्यक्षांना जाऊन—”

“अध्यक्षांच्या कानात काय सांगतोस? माझी अब्रू काय कानात घालवलीस? चारचौघांत घालवलीस, चारचौघांत परत आण.” त्यांनी एक कप उचलला आणि शांतपणे पिऊ लागल्या. कुठला, ते त्याला कळलं नाही.

पुढला रविवार महिन्यातला पहिला, उपासाचा. त्या दिवशी प्रवचन नसतं. ज्याला वाटेल त्यानं उठायचं आणि पुढे जाऊन आपली साक्ष द्यायची. सगळ्यांची सुरुवात एकच असते. रोसालियाताई म्हणाल्या, “मला ठाऊक आहे की देव आपलं ऐकतो.” एक नावाडी म्हणाला, “मला ठाऊक आहे की हे चर्च खरं आहे.” सात वर्षांची पोरगी टाचा उंचावून म्हणाली, “मला ठाऊक आहे,” आणि पुढचं विसरून पळाली. बार्लोनंही चौदा महिने हेच म्हटलं होतं, फार सुंदर म्हटलं होतं. बायका डोळे पुसायच्या.

तो उठून पुढे गेला. मागे खुर्चीवर अध्यक्ष लेपिओ होते. शेवटच्या बाकावर, दाराशी, ओतिलियाताई येऊन बसल्या होत्या, शेजारी त्यांची बहीण. म्हणजे ती पुन्हा बोटीनं आली होती, आणि या वेळी बाप्तिस्म्यासाठी नाही.

बार्लोनं दोन्ही हातांनी लाकडी कठडा धरला.

“मला ठाऊक नव्हतं,” तो म्हणाला.

सगळ्यांच्या माना वर झाल्या. “मी विचारलं नाही. ताई सांगत होत्या, मी ऐकलं नाही. आणि नंतर कळलं, तेव्हा मी...” इथे त्याचा आवाज एवढासा झाला. पुढचं त्याचं त्यालाच ऐकू आलं असेल नसेल.

“मोठ्यानं बोल, पोरा,” मागून ओतिलियाताई म्हणाल्या. “दारापर्यंत येत नाहीये.”

बार्लोनं माइक जवळ ओढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.