नादपेटीची दोन वस्त्रं

"कान वाहायचा थांबला म्हणजे बरा झाला असं समजू नका, सिंधूताई," नर्स वच्छलाबाई म्हणाल्या होत्या. "वाहता कान एकाएकी कोरडा पडला, पोरीले ताप भरला अन् कानामागं फुगलं, तर त्याच दिवशी बुलढाण्याले घेऊन या. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका."

सिंधूने मान हलवली आणि चुलीवरची भाजी ढवळायला घेतली. वच्छलाबाई प्रत्येक दारात काहीतरी भीती ठेवूनच पुढे जातात, असं तिला वाटायचं. आणि सिंधू काही अडाणी नव्हती. अकोल्याच्या कॉलेजात बी.ए. झालेली. आपल्या लेकीचं आपल्याला कळत नाही की काय.

लेक पाच वर्षांची, नाव कोकिळा. डावा कान दोन पावसाळे वाहत होता. डावीकडून हाक मारली तर ती वळत नसे आणि सासूबाई मनकर्णाबाई म्हणत, पोरगी हट्टी आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन आठ-नऊ वर्षं झाली आहेत. या दिवाळीनंतर सिंधूच्या गावात, देऊळघाटात, नादबाबा आला.

गावाबाहेर कापसाचं एक रिकामं गोदाम होतं, तिथे दर गुरुवारी दुपारी बैठक भरायची. पहिल्या गुरुवारी तीस माणसं, तिसऱ्याला तीनशे. चिखलीकडून, मोताळ्याकडून बैलगाड्या येऊन उभ्या राहायच्या. रांगेत सगळे कानाचे रोगी, त्यामुळे कुजबुज ही गोष्टच नव्हती. एक म्हातारा सुनेची चहाडी शेजाऱ्याच्या कानात सांगायला गेला आणि ती अख्ख्या गोदामाने ऐकली, फक्त शेजाऱ्याला ऐकू गेली नाही. लोक हसले. सिंधूही हसली.

बाबा पंचेचाळिशीचा, दाढी नाही, जटा नाही, पांढरा स्वच्छ सदरा. आवाज इतका हळू की लोक त्याच्या ओठांकडे बघत पुढे सरकायचे. तो म्हणायचा, "माई, कान बहिरा होत नसते. कान रुसते. डॉक्टर त्याले टोचते, म्हणून तो आणखीन रुसते. आपण त्याले मनवू."

त्याच्यासमोर लाकडी पेटी असे. तिच्यात सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर होता आणि बाबाने तो लपवलाही नव्हता. यंत्र तर यंत्र, पण नाद हिमालयातला आहे, असं तो सांगायचा. पेटीतून एक वायर निघे आणि तिच्या टोकाला हेडफोन. त्याला तो कर्णमुकुट म्हणायचा. हा मुकुट नेहमी कापडात गुंडाळून शिवलेला. चार गुरुवार निळं वस्त्र, पाचव्या गुरुवारी भगवं. चार गुरुवार नाद बारीक येणार, कारण कान अजून रुसलेला. पाचव्याला भरून येणार, कारण कान मानला. आणि तसंच व्हायचं. पेटी तीच, फीत तीच, तंबोरा तोच, बाबा आवाजाच्या बटणाला हातही लावत नसे, आणि तरी पाचव्या गुरुवारी रोगी दचकून म्हणायचा, मोठं आलं, साफ आलं. बायका पदर डोळ्याला लावायच्या.

नियम दोनच. धडधाकट माणसाने मुकुट घालायचा नाही, कारण चांगल्या कानाले नाद डसते. आणि बैठक झाली की बाबा कानात मेण लावलेला कापसाचा बोळा घट्ट बसवी, वरून हळदीचा लेप, त्यावर पट्टी. ती पुढच्या गुरुवारी त्यानेच सोडायची. नाद सांडू नये म्हणून.

निळ्याचं भगवं करायला बाबा पडद्याआड जायचा. देवळात देवाची वस्त्रं बदलताना पुजारी पडदा लावतो ना, तसा पडदा. तो लागला की गोदामातली सगळी माणसं कोणी न सांगता नजर खाली घालायची. वस्त्र उतरलेला देव पाहायचा नसतो, हे आपल्याकडे लेकरालाही ठाऊक असतं. सिंधूही नजर खाली घालत होती. बी.ए. झाली होती तरी.

दुसऱ्या बैठकीनंतर कोकिळेचा कान वाहायचा थांबला. मनकर्णाबाईंनी घरात गूळ वाटला. सिंधूची धाकधूक मात्र थांबेना. ती पोरीच्या पाठीमागे उभी राहून वाटी पाडून बघे. पोरगी वळायची. दिवसातून दहादा वाटी पडायची आणि दहादा पोरगी वळायची. सिंधूला खरं म्हणजे ती वळायलाच हवी होती. वळली की तिचा जीव भांड्यात पडे, आणि मग ती पुन्हा वाटी उचलायची.

चौथ्या गुरुवारनंतर ताप आला. संध्याकाळी चढे, सकाळी उतरे. पोरगी जेवेना, उजव्या कुशीवरच पडून राही. सिंधूने बुलढाण्याची गोष्ट काढली तेव्हा सासूबाई जात्यापाशी बसल्या होत्या.

"काऊन एवढा घोर करून राह्यली तू?" त्या म्हणाल्या. "कान वाहायचा थांबला का नाही? चार झाले, एक राह्यला. आता मोडलं तर सारंच पाण्यात जाईन."

"पण ताप, आत्याबाई."

"रुसवा निंगते तवा ताप येतेच म्हणे. बाबानं सांगतलं हाये."

नवरा पंजाबराव जळगाव जामोदला नोकरीवर. त्याचं पत्र आलं, आई म्हणते तसं कर. सिंधूने ते पत्र फडताळात ठेवलं आणि गुरुवारची वाट पाहिली. पट्टी सोडून बघावं, असं तिच्या मनात तीनदा आलं. तीनदा तिने हात मागे घेतला. नाद सांडला तर? हे आपणच मनात म्हणालो, याचं पुढे तिला सगळ्यात जास्त वाईट वाटत राहिलं.

पाचवा गुरुवार. कोकिळेचं अंग तव्यासारखं. मनकर्णाबाईंनीच तिला कडेवर घेतलं होतं. त्यांच्या पुढचा नंबर पंचफुला नावाच्या बाईचा, लोणारकडच्या बीबी गावची, सोबत सातेक वर्षांचा मुलगा. त्याचे दोन्ही कान वाहणारे. तोही पाचवाच गुरुवार. भगवं वस्त्र कानावर चढलं, पोराचे डोळे मोठे झाले आणि पंचफुलाने बाबाच्या पायावर डोकं टेकलं. बाबाने नवे बोळे बसवले आणि आता महिनाभर काढायचे नाहीत, असं बजावलं. एस.टी. चुकेल म्हणून ती पोराला ओढत निघूनही गेली. तिच्या पिशवीचा बंद सिंधूच्या हाताला लागला, इतक्या जवळून.

मग कोकिळा. बाबाने जुनी पट्टी सोडली, पण लेप खरवडला नाही, वरूनच मुकुट चढवला. डाव्या बाजूला तो टेकला तशी पोरगी कळवळली. बाबाने पेटी सुरू केली.

"आई, मोठं येते," पोरगी म्हणाली.

मनकर्णाबाईंनी हात जोडले. मागून जयजयकार झाला. सिंधू मात्र पोरीच्या कानाकडे बघत होती. गेले चार गुरुवार मुकुट काढला की उजव्या कानावर रुपयाएवढा लाल वळ उठलेला असायचा. घरी जाऊन ती त्यावर खोबरेल लावायची. कडक, चपटी चकती कानावर दाबून बसते, तिचा तो वळ. आज मुकुट त्या कानावर टेकलेलाच नव्हता. अख्खा कान आत गेला होता आणि भोवती मऊ कडं गालाला बसलं होतं. वस्त्र बदललं तर रंग बदलेल. कानाच्या भोवती जागा कुठून येईल?

तिने हात पुढे केला आणि मुकुट लेकीच्या डोक्यावरून काढून स्वतःच्या डोक्यावर चढवला.

बाबा हळूच म्हणाला, "सूनबाई, उतरव. डसते."

तिच्या चांगल्या कानांत तंबोरा वाजत होता. खाली खोल घुमणारी तार, वर घंटा, घंटेची लांबत जाणारी किणकिण, सगळं वेगवेगळं, जणू गाभाऱ्यात उभं राहावं. मुकुट उतरवून ती उठली आणि सरळ पडद्याआड गेली. मागे कोणीतरी अरे अरे केलं. आत देव नव्हता. एका खोक्यावर निळी गुंडाळी पडली होती, वायरीसकट. तिने ती बाहेर आणली आणि रांगेतल्या शालिग्रामच्या हातात दिली. शालिग्राम बुलढाण्यात रेडिओ दुरुस्त करायचा. आपल्या वडिलांना घेऊन आला होता आणि पडदा लागला की त्यानेही इतके गुरुवार नजर खालीच घातली होती.

"शालिग्रामभाऊ, हे लावून द्या."

त्याने भगव्याची पिन काढून त्याच भोकात निळ्याची घातली. सिंधूने ऐकलं. फीत तीच, पण तंबोरा कुठे गेला होता कोण जाणे. पत्र्याच्या डब्यात माशी कोंडावी तसं चिरकं, खालची तार गायब, घंटा नुसती टणटण.

"आत्याबाई, तुमचे कान चांगले आहेत ना?" तिने विचारलं.

"हाव. माह्या कानाले काय झालं?"

"मग या बसा. आधी हे, मग ते."

मनकर्णाबाईंनी बाबाकडे पाहिलं, मग सुनेच्या तोंडाकडे, आणि बसल्या. निळं घातलं. भगवं घातलं. पुन्हा निळं मागितलं. त्यांच्या कपाळावर आठी चढत गेली. "हे तर सर्दी झाल्यावानी बोलते," त्या निळ्याला म्हणाल्या. "अन् हे भरल्या गळ्याचं हाये. माह्या कानाले रुसवाबी नाई अन् फुगवाबी नाई."

शालिग्रामने ब्लेडने दोन्ही वस्त्रं उसवली. निळ्यातून काळा, चरे पडलेला, लष्करी मोडीतला हेडफोन निघाला. हा नुसतं बोलणं ऐकू यावं म्हणून केलेला, त्याने सांगितलं, मधला आवाज तेवढा धरतो, जाड आवाज आणि बारीक आवाज दोन्ही सोडून देतो. भगव्यातून निघाला परदेशी, चामड्याच्या गाद्यांचा, मोठ्या स्टुडिओत गाणं पारखायला वापरतात तसला. त्यात जाडही येतं, बारीकही येतं. "कान नाही बदलला राजेहो," तो बापाकडे न बघता म्हणाला, "डबा बदलला."

"पण पोरीले ऐकू तर आलं," मनकर्णाबाई म्हणाल्या. एवढी एक गोष्ट त्या सोडायला तयार नव्हत्या.

सिंधूने चांगला हेडफोन पुन्हा कोकिळेला लावला. या खेपेला फक्त डाव्या कानावर. कानातला बोळा आधी स्वतः काढला आणि उजव्या कानावर आपला तळवा घट्ट दाबून धरला. शालिग्रामने पेटी सुरू केली. थोड्या वेळाने तिने तळवा जरासा उचलून विचारलं, काय आलं?

"काईच नाई," पोरगी म्हणाली.

चार गुरुवार उजवा कान ऐकत होता. घरात पडलेली प्रत्येक वाटी उजव्या कानानेच ऐकली होती. मुकुट दोन्ही कानांवर बसतो, रोगी कान कोणता आणि ऐकणारा कोणता हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. आणि जे दोन्ही कानांनी अधू, त्यांनाही चिरक्यानंतर भरीव आवाज दिला की उघडलंच वाटणार.

बोळ्याचा वास आला. मेणाखाली घाण दाटली होती. सिंधूने पदर ओला करून लेप पुसला. हळदीखाली कातडी लालभडक, ताणलेली, आणि कानाची पाळी पुढे ढकलली गेलेली. मनकर्णाबाईंनी पोरीला पुन्हा कडेवर घेतलं.

"चाल," त्या एवढंच म्हणाल्या. "गाडी पाह्य कोणाची."

निघताना सिंधूने मागे वळून पाहिलं. बाबा पळाला नव्हता. कापडाचे तुकडे शांतपणे घडी करत त्याच हळू आवाजात सांगत होता, "ज्याची श्रद्धा उसवली, त्याले भगव्यातबी निळंच ऐकू येते." आणि रांगेतली निम्मी माणसं मान डोलवत जागेवरच बसून होती. त्या डोलणाऱ्या मानांची तिला जेवढी भीती वाटली तेवढी बाबाचीही वाटली नाही.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी कानामागे चीर देऊन पू काढला. बाहेर यायची वाट बुजवली म्हणून तो हाडात शिरला, ते म्हणाले. आणखी दोन दिवसांनी मेंदूकडे गेला असता, मग माझ्याकडे आणून उपयोग नव्हता. पेनिसिलिनची इंजेक्शनं, सतरा दिवस खाट. मनकर्णाबाई खाटेखाली सतरंजी टाकून झोपल्या. तिसऱ्या दिवशी त्या आपणहून म्हणाल्या, तू म्हणे ना तवाच आपण आलो असतो तर. सिंधूने सांगितलं की म्हटलं तर होतं, पण हट्ट नव्हता धरला. कोकिळा जगली. डावा कान कायमचा गेला.

तोवर नादबाबा गोदाम रिकामं करून गेला होता. कुठे, ते कोणी सांगत नाही. चांगला हेडफोन त्याच्याकडेच आहे, नवं कापड काय कुठेही मिळतं. म्हणून हे लिहिलं आहे. कोणी बरं करतो म्हणाला तर आधी आपण निरोगी माणसाने ते करून बघावं, दोन गोष्टी शेजारी ठेवून बघावं, पडदा लागला तर नजर वर करून बघावं. देव असेल तर तो रागावणार नाही. आणि ज्याला तुम्ही बघितलेलं चालत नाही, त्याच्या हाती लेकरू देऊ नये.

सिंधूने बीबीला तीन पत्रं टाकली. पंचफुला, एवढंच नाव, आडनाव ठाऊक नाही, गल्ली ठाऊक नाही. उत्तर नाही. त्या पोराच्या दोन्ही कानांत बोळे आहेत आणि महिना अजून भरलेला नाही. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूचं असेल, बीबीच्या बाजाराला जाणारं असेल, तर विचारत विचारत त्या घरी जा. बोळे काढायला लावा आणि पोराच्या कानामागे बोट फिरवून बघा. आजच जा.