भक्तीची हजेरी

धुरपताबाई जाऊन दोन महिने झाले, तरी भक्ती सकाळची पहिली भाकरी आईसाठी म्हणून बाजूला ठेवी आणि मग आठवण झाली की गोपाळदादाच्या ताटात वाढी. आजही तसंच झालं. पाण्याच्या तांब्याला मोबाईल टेकवून गोपाळ जेवत होता. मोबाईलवर तिच्या कॉलेजचा धडा चालला होता, आवाज बंद करून.

परभणीच्या त्या कॉलेजनं यंदा नवं पोर्टल घेतलं. सगळीच कॉलेजं घ्यायलीत, मग आपण मागं का राहायचं? पहिल्या वर्षाचे तास मोबाईलवर आले. धडा उघडला की नावापुढं हिरवी खूण, तीच हजेरी. तास घरीच म्हटल्यावर भक्तीचं पेडगावाबाहेर पडणंही थांबलं.

इकडं वडिलांनी, आश्रुबांनी, तिचं लग्न ठरवलं. घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आत कार्य उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी रीत. पोरीला अठरा पुरी व्हायला पावसाळा जायचा होता, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. धास्ती होती ती कॉलेजात शिकवणाऱ्या स्वरदा मॅडमची. गेल्या साली गावातलीच सुकेशनी वर्गात दिसेना, तेव्हा मॅडम थेट तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि ते लग्न थांबलं. म्हणून आश्रुबांनी मोबाईल गोपाळच्या हाती दिला. पोरीची हजेरी चुकू देऊ नको, असं बजावलं. रिकामा बाक दिसायला आता वर्गच उरला नव्हता.

"दादा, आठ दिस ते उघडू नको. दुसरं काईच मागत न्हाई मी."

"लोक बहिणीचं शिक्षण बंद करतेत. मी तर चालू ठेवायलोय."

"शिकायलंय कोण? तू का मी?"

गोपाळनं घास गिळला. "अप्पानं सांगितलंय, भक्ते. मला नको इचारू."

शेजारच्या कडूबाईंपाशी ती रडली. आईमाघारी पोरीला कोण सांभाळणार, असं म्हणत त्यांनीच तिचे डोळे पुसले.

हळदीच्या दिवशी गोपाळचं बोट कुठं लागलं कोण जाणे, स्वरदा मॅडमनी पाठवलेला निरोप मांडवात त्यांच्याच आवाजात वाजला. "भक्ती, आई गेल्याच्या दुःखातही तू एक तास चुकवला नाहीस. सगळ्यांना तुझंच नाव सांगितलं मी. अशीच शिकत राहा."

पोरीचं केवढं कौतुक म्हणून कडूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

भक्तीनं हळदीनं भरलेला हात पुढं केला. एकदा बोलू दे, म्हणाली.

मोबाईल खराब होईल म्हणत गोपाळनं तो मागं घेतला, तिच्या नावानं मॅडमना जोडलेले हात पाठवले आणि पुढचा धडा लावून खिशात टाकला.